तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि सोसायटी म्हणते "रीडेव्हलपमेंट होऊ दे"

अनुजा_के
१४ जून, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

कोथरूडला आमची १९८७ची बिल्डिंग आहे, तळ अधिक तीन, सोळा फ्लॅट. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. माझा धाकटा भाऊ, वय ३४, गेल्या वर्षी एप्रिलमध्ये सातारा रस्त्यावर बाईकवरून पडला, मणक्याला मार लागला, डी-१० लेव्हल म्हणतात ती. कमरेखाली हालचाल नाही, संवेदना नाही. हात मात्र एकदम मजबूत आहेत आणि डोकं तर आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त चालतं. घरून काम करतो, कंपनीने ठेवलंय, त्या बाबतीत नशीबवान.

प्रश्न असा आहे की अपघातानंतरच्या १४ महिन्यांत तो फक्त अकरा वेळा खाली उतरलाय. मी मोजलंय. प्रत्येक वेळी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वॉचमनकाका आणि समोरच्या गॅरेजमधली दोन पोरं उचलून नेतात. पोरं चांगली आहेत, पण दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची तिरकी करावी लागते तेव्हा त्याचा चेहरा बघवत नाही. भीतीने नाही, लाजेने. मग तोच म्हणतो जाऊ दे, नाही जायचं.

लिफ्टसाठी सोसायटीला अर्ज दिला. जिन्याच्या बाहेरून स्टीलचं स्ट्रक्चर करून लिफ्ट बसते, कोटेशन आलं साडेअठरा लाख. उत्तर काय, तर रीडेव्हलपमेंट होणारच आहे, आता कशाला खर्च. ही रीडेव्हलपमेंट २०१८ पासून "होणारच आहे". तीन बिल्डर येऊन चहा पिऊन गेले.

मागच्या रविवारी विशेष सभा होती. आमचा विषय शेवटी "अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय" यात ढकलला. त्याआधी गच्चीवर पत्र्याची शेड टाकायला साडेसहा लाख मंजूर झाले, दहा मिनिटांत, एकमताने. तेव्हा कोणालाच रीडेव्हलपमेंट आठवली नाही. आमचा विषय निघेपर्यंत निम्मे लोक उठून गेले होते, राहिलेल्यांपैकी एक काका म्हणाले "अगं आम्हाला वाईट वाटतं गं, पण तूच सांग, एका माणसासाठी सोळा जणांनी किती करायचं."

मी काही बोलू शकले नाही. आता घरी येऊन सुचतंय सगळं. कोणाला असा अनुभव आहे का? कायद्याने काही करता येतं का, की नुसतं भांडण ओढवून घेतल्यासारखं होईल?

*

बाबूजी_डोंबिवली
१५ जून, सकाळी ७:१०

त्या काकांचं वय काय? साठीच्या पुढे असेल तर त्यांना म्हणावं लिफ्ट एका माणसासाठी नाही, तुमच्या गुडघ्यांसाठी पण आहे. आमच्याकडे लिफ्टला सगळ्यात मोठा विरोध करणारे दुसऱ्या मजल्यावरचे सद्गृहस्थ नी रिप्लेसमेंट झाल्यावर अडीच महिने घरात अडकले, आणि मग त्यांनीच सह्या गोळा केल्या. आपल्याकडे तत्त्व गुडघ्यातून वर चढतं.

*

स्पष्टवक्ता_पुणे
१५ जून, सकाळी ९:३३

कटू वाटेल पण बोलतो. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकून तळमजल्यावर किंवा लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये का जात नाही? पहिल्या मजल्यावरच्याने लाख-सव्वा लाख का भरावेत? तो तर लिफ्ट वापरणारही नाही. सहानुभूती वेगळी आणि खिसा वेगळा. प्रत्येक गोष्टीत हक्क हक्क करून उपयोग नाही.

*

अनुजा_के
१५ जून, दुपारी १:०५

@स्पष्टवक्ता, विचार केला नाही असं वाटतं का तुम्हाला? फ्लॅट वडिलांच्या नावावर होता, ते २०२१ला गेले, वारसाची कागदपत्रं अजून पूर्ण झालेली नाहीत. आणि लिफ्ट नसलेल्या ३८ वर्षं जुन्या बिल्डिंगमधल्या तिसऱ्या मजल्याचा जो भाव येतो त्यात लिफ्टची बिल्डिंग कोथरूडमध्ये येत नाही, वरून स्टँप ड्युटी. भाड्याने बघितलं. चार ठिकाणी फोनवर सगळं ठरलं आणि व्हीलचेअर म्हटल्यावर "घरात अजून एकदा विचारतो" म्हणून फोनच नाही. एकाने तर विचारलं, टाइल्सवर चाकांचे डाग पडतात का?

*

चाकावरून
१५ जून, दुपारी ३:२०

नाशिकहून. १९ वर्षं व्हीलचेअरवर आहे, त्यामुळे सीनिऑरिटी माझी.

पहिलं, टाइल्सवर डाग पडत नाहीत. सोफ्याचे पाय जास्त ओरखडतात.

दुसरं, लिफ्ट लिफ्ट सगळे करतायत, पण लिफ्टपर्यंत पोचायचं कसं? जुन्या बिल्डिंगला प्रवेशाशीच तीनचार पायऱ्या असतात. तुमच्या किती आहेत? मोजून सांगा, उंची इंचात. कारण सोसायटी "चला रॅम्प तरी करून देऊ" म्हणेल आणि ठेकेदार अॅक्टिव्हा चढवायला करतात तसला रॅम्प करून मोकळा होईल. नियम १:१२ चा आहे. म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. पायऱ्यांची एकूण उंची दोन फूट असेल तर रॅम्प चोवीस फूट लागतो, वर आणि खाली खुर्ची वळवायला सपाट जागा वेगळी. रुंदी निदान चार फूट. दोन्ही बाजूला रेलिंग. भावाचे हात चांगले आहेत म्हणता, डी-१० वाला १:१२ वर एकटा चढतो, कोणी ढकलायला लागत नाही. १:५ वर तोच माणूस खुर्चीसकट मागे उलटा पडतो. मी पडलोय, एका बँकेबाहेर. रॅम्पला चकचकीत कोटा फरशी लावली होती, पावसात. फोटो काढायला एक साहेब उद्घाटनाला येऊन गेले होते म्हणे.

तिसरं, बाथरूम. संडास-बाथरूमचं दार जुन्या बिल्डिंगमध्ये दोन फुटांचं असतं, खुर्ची पंचवीस-सव्वीस इंच. सध्या काय करताय?

चौथं आणि मुख्य. अख्ख्या पोस्टमध्ये भावाला काय हवंय ते कुठेच आलं नाही. त्याला विचारलंय का? की त्याचाही विषय ऐनवेळचाच?

*

अनुजा_के
१५ जून, रात्री १०:४८

शेवटचं वाक्य लागलं. खरंय म्हणून लागलं असेल.

पायऱ्या चार, एकूण पंचवीस इंच. म्हणजे तुमच्या हिशोबाने पंचवीस फूट. कंपाउंडच्या भिंतीलगत जागा आहे साधारण सत्तावीस फूट, पण तिथे सात टू-व्हीलर लागतात. त्यातली एक अध्यक्षांची.

बाथरूमचं दार चौकटीसकट काढून पडदा लावलाय. तरी खुर्ची जात नाही, दारापाशी स्टुलावर सरकतो आणि मग आत. आई तेव्हा गॅलरीत जाऊन उभी राहते. दोन खोल्यांच्या घरात एवढीच प्रायव्हसी देता येते तिला आणि त्याला.

*

वकीलमावशी
१६ जून, सकाळी ११:१५

अनुजा, तू म्हणते चालेल ना. वकिली करते, पण इथलं लिहिलेलं सल्ला म्हणून कोर्टात दाखवू नकोस.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६चा. १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५च्या जुन्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं, आता एकवीस आहे. लोकांना यातलं नोकरीतलं ४ टक्के आरक्षण तेवढं माहीत असतं. तुझ्या कामाची कलमं वेगळीच आहेत. कलम ५ म्हणतं, अपंग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि अमुकच ठिकाणी, अमुकच व्यवस्थेत राहा अशी सक्ती तिच्यावर करता येत नाही. "तळमजल्यावर जा की" याचं उत्तर तिथे आहे. कलम ३ समानतेचं. त्यातच "वाजवी सोयीसुविधा" हा शब्द येतो, म्हणजे समोरच्यावर अवाजवी बोजा न पडता जो बदल करता येतो तो करायचा. रॅम्पला अवाजवी बोजा म्हणणं फार अवघड आहे. साडेअठरा लाखांच्या लिफ्टवर मात्र समोरचा वकील तासभर बोलू शकतो, हे प्रामाणिकपणे सांगते.

आता गंमत बघ. सोसायटीवाले म्हणतात आम्ही खाजगी, हे नियम सरकारी ऑफिसांना. त्याच कायद्यात "खाजगी आस्थापना" याची व्याख्या आहे आणि त्यात कंपनी, फर्म यांच्या जोडीला सहकारी संस्था असं स्पष्ट लिहिलंय. आपली गृहनिर्माण सोसायटी सहकारी संस्थाच की.

बाकी २०२४च्या नोव्हेंबरमध्ये राजीव रतुरी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की सुगम्यतेचे, म्हणजे अपंगांना इमारती वगैरे वापरता याव्यात यासाठीचे नियम नुसत्या शिफारशी असून भागणार नाही, बंधनकारक नियम हवेत, आणि सरकारला ते करायला तीन महिने दिले होते. मूळ कायद्यात सक्ती, नियमांत "जमलं तर करा", ही विसंगती होती ती कोर्टाने पकडली.

तक्रार करायचीच तर राज्याचे दिव्यांग आयुक्त पुण्यातच बसतात, तुला लांब जायला नको. ते शिफारस करतात आणि ज्याला केली त्याने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं. पण आधी तिकडे धावू नकोस. आणि कलम ९२ ची धमकी तर अजिबात देऊ नकोस, ते चारचौघांत मुद्दाम अपमान केला वगैरे त्यासाठी आहे, तुझे काका असंवेदनशील आहेत, गुन्हेगार नाहीत. भावाला त्याच जिन्यात राहायचंय.

*

खजिनदार_१६वर्षे
१६ जून, रात्री ९:०२

मी त्या बाजूचा माणूस आहे, दुसऱ्या गावात. शिव्या द्यायच्या तर द्या.

सोळा फ्लॅटची सोसायटी म्हणजे काय ते सांगतो. तीन फ्लॅट बंद, मालक अमेरिकेत. दोघांचा मेंटेनन्स दोन वर्षं थकलेला. चार घरं पेन्शनवर. रंगाला दोन हजार मागितले तरी लोक खालच्या आवाजात विचारतात की हप्ते पडतील का. त्यात लाख-सव्वा लाख म्हटल्यावर माणसं घाबरून वाईट बोलतात. ही बाजू समजून घ्या, माफ करा असं म्हणत नाही.

शेडचे साडेसहा लाख मात्र चीड आणणारे आहेत, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. शेडमध्ये सगळ्यांना आपली गळती दिसते, तुमच्या भावात कोणाला आपलं उद्या दिसत नाही.

आता कामाचं बोलतो. ऐनवेळचा विषय म्हणून कधीही नेऊ नका, तो मारायलाच असतो. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की कमिटीला महिन्याभरात विशेष सभा बोलवावी लागते. सोळाचे एक पंचमांश म्हणजे तीन पूर्णांक काहीतरी, म्हणजे चार सह्या. चार सह्या मिळत नसतील तर खरा प्रॉब्लेम वेगळा आहे. अर्जात लिफ्ट आणि रॅम्प एकत्र टाकू नका, लिफ्ट पडते आणि रॅम्पला घेऊन पडते. आधी रॅम्प. आणि त्या सात गाड्या कुठे लागणार त्याचा नकाशा तुम्हीच काढून न्या. सभेत लोक माणुसकीवर नाही, पार्किंगवर मत देतात.

*

वकीलमावशी
१६ जून, रात्री ९:४०

खजिनदारसाहेबांशी शंभर टक्के सहमत, विशेषतः शेवटच्या वाक्याशी.

रीडेव्हलपमेंटबद्दल एक राहिलं. खरंच झाली तर ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयाप्रमाणे ५१ टक्क्यांच्या संमतीवर पुढे जाते. तेव्हा सगळे चौरस फूट आणि कॉर्पसवर (बिल्डरकडून मिळणारा एकरकमी निधी) भांडत असतील, तू करारात दोन ओळी घालून घे. एक, प्रवेश, लिफ्टचं दार, तुमच्या फ्लॅटची दारं आणि बाथरूम व्हीलचेअरच्या मापाचं. दुसरी ओळ लोक विसरतात. बिल्डर तीन वर्षं बाहेर राहायला भाडं देतो, सगळ्यांना सारख्या दराने. पण तुमच्या घराला लिफ्ट किंवा तळमजला आणि मोठं बाथरूम असलेलंच घर लागेल, ते त्या दरात मिळत नाही. तो फरक लिहून घे. नाहीतर नवीन घर सुंदर होईल आणि तीन वर्षं भाऊ कुठल्यातरी चौथ्या मजल्यावर.

*

ठाण्याची_आई
१७ जून, पहाटे ४:३५

झोप नाही म्हणून लिहितेय. विषय थोडा वेगळा पण त्याच जातीचा आहे.

माझा मुलगा २६ वर्षांचा, ऑटिझम. त्याला जिना चढता येतो, लिफ्ट आहे, रॅम्पही आहे. त्याचा अडथळा सिमेंटचा नाही म्हणून तो दाखवता येत नाही. तो आनंदात असला की उड्या मारतो, आणि हम्म्म असा एक सूर लावतो, तास तासभर. खालच्या फ्लॅटवाल्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, "काही सभासदांनी आपल्या घरातील व्यक्तींवर नियंत्रण ठेवावे." नाव नाही. पण १४० लोकांना कळलं कोण ते. त्या आधीची दोन भाड्याची घरं अशीच सुटली, अकरा महिने झाले की करार वाढवायचा नाही, कारण सांगायचं मुलाचं लग्न ठरलंय.

इथे मी काय केलं, तर खालच्या घरी गेले, एकटी, त्यांच्या हॉलमध्ये बसले आणि म्हटलं आता वर तो उड्या मारेल, आपण दोघी ऐकू. खरंच मोठा आवाज येतो हो. मला माहीतच नव्हतं. मग जाड रबराच्या मॅट टाकल्या, दुपारी दोन ते चार त्याला खाली फिरायला नेते, त्या वेळी त्यांचे सासरे झोपतात. आता त्या बाई त्याला नावाने हाक मारतात. सगळ्या ठिकाणी असं होईलच असं नाही, आधीच्या दोन ठिकाणी दारच उघडलं नव्हतं.

माझी खरी भीती पुढची आहे. आम्ही गेल्यावर. १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली कायदेशीर पालक नेमता येतो, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून, ते केलं. निरामय विमा आहे, एक लाखापर्यंतचा, तोही घेतला. पण राहायचं कुठे? निवासी संस्था बघितल्या तीन. स्वच्छ होत्या, माणसं वाईट नव्हती. पण सगळ्या कुठेतरी डोंगराच्या पायथ्याशी, स्टेशनपासून तासभर आत. विचारलं इतकं लांब का, तर म्हणे हवा चांगली आहे. हवा! माझ्या मुलाला रोज संध्याकाळी पाच वाजता कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाऊन एक पार्ले-जीचा पुडा घ्यायचा असतो. वाणी पैसे मोजायला त्याच्या हातात देतो, घाई करत नाही, मागे लाइन असली तरी. आजारी पडून तो दोन दिवस गेला नाही तर वाण्याने पोराला पाठवलं विचारायला. डोंगराच्या पायथ्याशी मला हा वाणी कोण देणार आहे?

चारपाच मुलांनी मिळून साध्या बिल्डिंगमधलाच एक फ्लॅट, मदतीला दोन माणसं, असं आम्ही काही पालक जमवायला बघतोय. पैशाचं जमेल. अडतंय कुठे तर कोणती सोसायटी असा फ्लॅट देईल. विचारायला सुरुवात केली की लोक म्हणतात उपक्रम फार छान आहे, आमच्याकडे नको.

*

बाबूजी_डोंबिवली
१७ जून, सकाळी ८:००

काही सुचत नाही लिहायला. त्या वाण्याला नमस्कार सांगा.

*

लेस्टरचा_पाटील
१७ जून, संध्याकाळी ६:१२

मी इंग्लंडात १५ वर्षं, बायको केअर सेक्टरमध्ये आहे म्हणून थोडं माहीत. इथे घरात बदल करायला कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, अनुदान मिळतं, इंग्लंडमध्ये कमाल ३०,००० पौंड. ऑक्युपेशनल थेरपिस्ट घरी येऊन टेप लावून मापं घेते, मग स्टेअरलिफ्ट, खाली शॉवर वगैरे. आणि काळजी घेणारा माणूस नेमायला पैसे थेट त्या व्यक्तीच्या हातात घेता येतात, म्हणजे कोण येणार, किती वाजता येणार, हे ती व्यक्ती ठरवते. मला सगळ्यात भारी हेच वाटतं.

पण स्वर्ग नाहीये. वाट बघण्यात महिनेच्या महिने जातात, अनुदान उत्पन्न बघून मिळतं, आणि केअरर पंधरा मिनिटं येऊन घड्याळ बघत जाते. आमच्या शेजारी एकटे राहणारे गृहस्थ आहेत, घर एकदम सुसज्ज, दिवसभर बोलायला कोणी नाही. ठाण्याच्या ताईंचा वाणी इथे पण कौन्सिल देत नाही.

*

सांगलीकडचा
१७ जून, रात्री ८:५५

शहरातल्या लोकांना लिफ्ट तरी मागता येते राव. आमच्या चुलत्याला लहानपणापासून पोलिओ, हातावर सरकत चालतो. घरकुल मंजूर झालं, चांगली गोष्ट. जोतं अडीच फूट, कारण ओढ्याचं पाणी येतं. पायऱ्या चार. संडास मागच्या बाजूला, त्याला आणखी दोन पायऱ्या आणि आत खाली बसायचं भांडं. ज्या माणसाच्या नावावर घर त्यालाच त्यात शिरता येत नाही. इंजिनिअरला म्हटलं उतार करून द्या, तर म्हणाला नकाशात नाही.

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांवर खर्च करायचे असतात. दरवर्षी होतात की खर्च. एका वर्षी स्टीलचे डबे वाटले, एका वर्षी ब्लँकेट. चुलत्याकडे तीन ब्लँकेट आहेत. शेवटी आम्ही भावकीनं मिळून मुरूम टाकून उतार केला, वर साधं सिमेंट काँक्रीट, आणि कमोडची खुर्ची मिरजेहून आणली. आता ग्रामसभेत अर्ज दिलाय की यंदा डबे नकोत, ज्याच्या घराला उतार नाही त्याला उतार करून द्या. बघू.

*

स्पष्टवक्ता_पुणे
१७ जून, रात्री ११:३०

मी आधी जे लिहिलं त्यातलं "विकून जा" मागे घेतो. लाख-सव्वा लाखाचा मुद्दा मागे घेत नाही. रॅम्पला माझा विरोध नाही, कोणाचाच नसावा.

*

चाकावरून
१८ जून, सकाळी १०:१०

@स्पष्टवक्ता, प्रगती आहे. पायऱ्यांचा खर्च कोणी वेगळा मागत नाही हो, तो बिल्डिंगमध्ये धरलेलाच असतो. माझा रॅम्प तेवढा "एका माणसासाठी" होतो.

आणि हे फक्त सोसायट्यांचं नाही. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईत खारला विराली मोदी या व्हीलचेअर वापरणाऱ्या बाईंना स्वतःच्या लग्नाच्या नोंदणीसाठी दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावं लागलं, लिफ्ट नाही, अधिकारी खाली यायला तयार नाहीत. बातमी झाली तेव्हा उपमुख्यमंत्र्यांनी माफी मागितली. माझ्या आयुष्यात अशा पन्नास नोंदण्या झाल्या असतील, सगळीकडे बातमी होत नाही.

जाताजाता, "दिव्यांग" म्हणा की अपंग म्हणा, मला फरक पडत नाही. नाव बदलून दहा वर्षं होत आली, पायऱ्या त्याच आहेत.

अनुजा, भावाला विचारलंस का?

*

अनुजा_के
९ ऑगस्ट, रात्री १०:२०

दोन महिने गायब होते, सॉरी. अपडेट.

सह्या चार हव्या होत्या, सात मिळाल्या. पहिली सही गुडघेवाल्या काकांची (बाबूजी, तुमचं वाक्य जसंच्या तसं वापरलं). सभा झाली. मी पार्किंगचा नकाशा नेला होता, सात गाड्या मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीशेजारी बसतात हे खडूने जमिनीवर आखून दाखवलं. पाऊण तास चर्चा झाली, त्यातली चाळीस मिनिटं गाड्यांवर. रॅम्प मंजूर झाला, नऊ विरुद्ध दोन.

ठेकेदाराने पहिल्या दिवशी काय केलं असेल? सात फुटांचा रॅम्प. मी ऑफिसातून येईपर्यंत विटा रचून झाल्या होत्या. म्हणे ताई सगळीकडे असाच करतो, आजवर कोणाची तक्रार नाही. पंचवीस फुटांची सुतळी कापून त्याच्या हातात दिली आणि म्हटलं ही जिथे संपते तिथपर्यंत. विटा परत काढल्या.

लिफ्ट झालेली नाही. पण तळमजल्यावरच्या एका मालकाचे भाडेकरू सोडून गेले आणि त्यांनी आपणहून विचारलं, तुम्ही खाली राहता का. अकरा महिन्यांचा करार केला, वरचा फ्लॅट आम्ही भाड्याने दिला. वर्षाला साधारण साठ हजार फरक खिशातून जातो. बाथरूमचं दार मालकांनी मोठं करू दिलं, खर्च आमचा. @स्पष्टवक्ता, शेवटी तळमजल्यावर गेलोच, हसा. पण त्याच बिल्डिंगमध्ये, रॅम्पसकट.

भावाला विचारलं होतं, त्याच रात्री. तो म्हणाला तू लिहिलेलं सगळं वाचलंय मी, लॅपटॉप उघडाच ठेवतेस. त्याला स्वतःला लिहायचंय म्हणतो, खाली त्याचंच आहे.

*

अनुजा_के
९ ऑगस्ट, रात्री १०:४१

भाऊ बोलतोय. अकाउंट काढायचा कंटाळा.

अकरा नाही, नऊ. दोन वेळा अॅम्ब्युलन्सवाल्यांनी स्ट्रेचरवरून नेलं होतं, ते खाली उतरणं मी धरत नाही.

लिफ्ट मला हवी आहे, खोटं कशाला बोलू. पण कोणी आधी विचारलं असतं तर पहिलं बाथरूमचं दार सांगितलं असतं. चौदा महिने आई गॅलरीत उभी राहायची त्याचं काय वाटायचं ते मी सांगणार नाही. आता कडी आतून लावतो. कडी खुर्चीवरून हात पोचेल एवढ्या उंचीवर मी स्वतः बसवली, ड्रिलने.

दुसरं, गॅरेजच्या पोरांना प्रत्येक खेपेला दोनशे रुपये ताई द्यायची हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं मित्र आहेत. आहेतच, पण आता मी त्यांना चहा पाजतो टपरीवर जाऊन, हे वेगळं. टपरी गेटपासून साठ मीटरवर आहे. पहिल्या दिवशी गेलो तर गेटच्या खालच्या लोखंडी पट्टीत पुढची चाकं अडकली, दोन इंचांची पट्टी, रॅम्पच्या नादात ती कोणी मोजलीच नाही. मागचा भार घेऊन पुढची चाकं उचलून पार केली. पुढे फुटपाथ नाहीच, त्यामुळे फुटपाथला रॅम्प नाही ही तक्रारही नाही.

ठाण्याच्या काकू, तुमचा फ्लॅट शोधताना पुण्याकडे काही बघायचं असेल तर कळवा. आमच्या बिल्डिंगमध्ये तीन बंद पडलेत. सभेत बोलायला मी येईन, ताई नाही.

@चाकावरून, रॅम्पवर अजून टाइल लावलेली नाही, नुसतं सिमेंट आहे. ठेकेदार चेकर्ड टाइल म्हणतोय, अध्यक्षांना कोटा हवाय, शोभेला. चेकर्डवर हात दुखतात का चढताना? उद्या सकाळी नऊला सांगायचंय त्याला.

*

चाकावरून
९ ऑगस्ट, रात्री ११:१५

टाइल लावूच नका. सिमेंट ओलं असताना खराट्याने आडव्या रेघा मारतात, तसं फिनिश करून घे, खर्चही नाही. आता वाळलं असेल तर वरून पाऊण इंचाचा थर देऊन मार. आणि रॅम्पच्या दोन्ही कडांना तीनचार इंचांचा कठडा ठेवायला सांग, नाहीतर पुढचं चाक बाहेर उतरतं. गेटची पट्टी ग्राइंडरने कापून घे, परवानगी मागू नकोस.